ढोणेबाई कुणालाच साहेब म्हणत नसत

वर्ग एकदम गप झाला की माझ्या अंगावर काटा येतो. परवाचंच सांगते. नववीची चाचणी चालू होती, पोरं माना खाली घालून लिहीत होती, वरचा पंखा तेवढा खरखरत होता, आणि मला वाटलं, आता दारातून आवाज येणार: "गप नका रे बसू! बोला कायतरी!" मी चक्क दाराकडं बघितलं. दारात कुणी नव्हतं. मग उगाचच डस्टर टेबलावर आपटलं, मागची दोन पोरं दचकून हसली, तेव्हा कुठं मला बरं वाटलं.

ही खोड माझी नाही, ढोणेबाईंची आहे. शिक्षक जन्मभर पोरांना गप बसवायचं काम करतो आणि ह्या बाई शेवटी शेवटी वर्गाच्या हातापाया पडायच्या की बाबांनो, गोंगाट करा. माणसाच्या मागं गोड आठवणी राहतात म्हणे. ढोणेबाईंनी मला त्यांची भीती देऊन टाकली आणि आता ती मला परत कुणाला देता येत नाही.

यमुना ढोणे त्यांचं नाव. मुकुंदवाडीकडच्या आमच्या शाळेत त्या इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायच्या, मी विज्ञान. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. बाई उंच, हाडापेरानं दणकट, पदर कायम कमरेला खोचलेला, आणि आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाच्या पोराला हाक मारली तर शेजारच्या गल्लीतलं कुत्रं उठून उभं राहायचं. त्या करमाडच्या पुढच्या एका मेंढपाळाच्या घरातल्या. लहानपणी वर्षातले कितीतरी महिने मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेल्या. मग एका मामानं वसतिगृहात टाकलं म्हणून शिकल्या. "मेंढरं वळलेल्या बाईला पोरं वळायला काय लागतंय, जाधवबाई," असं मला म्हणायच्या, आणि खरंच पोरं त्यांच्या मागं मागं असायची.

आता त्यांची मुख्य गोष्ट. ढोणेबाई कुणालाही साहेब म्हणत नसत. कुणालाही म्हणजे कुणालाही. तलाठी, पोलीस, बँकेचा मॅनेजर, मोठ्यातला मोठा अधिकारी, सगळ्यांना एकच हाक: "भाऊ". "भाऊ, जरा हे बघा बरं." "भाऊ, सकाळपासून उभी हाय मी." ऐकणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. खुर्चीत बसल्या बसल्या अंगावर कुणी पाण्याचा तांब्या ओतावा तसं.

मी एकदा विचारलं, "बाई, साहेब म्हटलं तर काय बिघडतं हो?"

"माझा आजा पटवाऱ्याला हुजूर म्हणायचा," त्या म्हणाल्या. "कमरेत वाकून. म्हातारपणी त्याची पाठ सरळच व्हईना. मला लहानपणी वाटायचं, हुजूर म्हणून म्हणूनच वाकली. निजाम गेला, हुजूरचं साहेब झालं. बाकी काय बदललं सांगा बरं?"

"आणि भाऊच का?"

"भाऊ म्हटलं की त्याला घर आठवतं. आपल्याला बी बहीण हाय, आई हाय. भावाला बहिणीसंगं वाकडं वागायची लाज वाटती. साहेबाला कसली लाज?"

हे त्या चेष्टेनं सांगत नव्हत्या. त्यांच्या माणसांत कुणी बाई रानात परक्याला भाऊ म्हणाली, की तो बांधला जातो. तिच्या मेंढरांना पाणी दाखवणं, रात्रीपुरती जागा देणं त्याला भागच असतं, मग तो कोण का असेना. बाईंनी हा रानातला कायदा जसाच्या तसा उचलून शहरात आणला होता. आणि चमत्कार म्हणजे तो पुष्कळदा चालायचा.

एकदा शाळेत तपासणी होती. आमचे हेडसर आठवडाभर आधीपासूनच घामाघूम. मोठे अधिकारी आले, मागं चार माणसं, सगळा व्हरांडा "सर, सर" करतोय, आणि नववीच्या दारात ढोणेबाई आडव्या उभ्या. "भाऊ, बूट तेवढे बाहेर. मावशीनं आत्ताच फरशी पुसलीय, कंबर दुखतीय तिची." हेडसरांनी डोळेच मिटले. अधिकाऱ्यानं क्षणभर बाईंकडं बघितलं आणि वाकून बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. सगळ्या वर्गानं बघितला, पण एक पोरगं हसलं नाही, बाईंचा धाक. तो माणूस स्वतःच हसला. मधल्या सुट्टीत त्यानं बाईंच्या डब्यातली भाकरी आणि ठेचा खाल्ला, आणि निघताना "येतो, ताई" म्हणून गेला. "बघा," बाई मला म्हणाल्या, "माणूसच व्हता आत."

नागरिकशास्त्र हा विषय आमच्याकडं कुणी विषय मानत नाही. इतिहासाच्या शेपटाला बांधलेला, परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ करायचा. बाई तो गळ्यातल्या शिट्टीनं शिकवायच्या. एका पोराच्या हातात शिट्टी द्यायच्या आणि सांगायच्या, "आजचा तास तू सरकार. नियम एकच. शिट्टी वाजली की सगळ्यांनी उभं ऱ्हायचं, दुसऱ्यांदा वाजली की बसायचं. बाकी तुला काय अधिकार नाय." मग स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसायच्या. सुरुवातीला पोरगं लाजायचं. थोड्या वेळानं रंग चढायचा. एकदा तर एका गरीब स्वभावाच्या पोरानं त्याच्याशी भांडलेल्या मित्राला एका पायावर उभं केलं, दुसऱ्याला आपली पाण्याची बाटली भरून आणायला पाठवलं. बाईंनी विचारलं, "एका पायावर उभं करायचं कुठल्या नियमात व्हतं रे?"

"नियमात नव्हतं, बाई."

"मग कामून केलंस?"

पोरगं रडवेलं झालं. म्हणालं, "शिट्टी माझ्याकडं होती म्हणून."

"लिहून घ्या रे सगळ्यांनी," बाई ओरडल्या. "सबंध पुस्तकात हे वाक्य नाय."

त्या पोराला त्यांनी मारलं नाही की रागावल्या नाहीत. उलट जवळ घेतलं. त्यांचं म्हणणं असं की माणूस वाईट नसतो, शिट्टी वाईट असते, आणि ती कुणाच्याच हातात फार वेळ राहू देऊ नये. आमच्या वर्गांत मॉनिटर वर्षभर तोच असायचा. त्यांच्या वर्गात रोज नवा. सरकारबद्दल तर त्यांचं तोंड सुटलं की थांबायचं नाही. घराच्या गच्चीवर पत्रा टाकायचा होता तर परवानगीसाठी त्यांना हेलपाटे घालावे लागले. त्याच महिन्यात त्यांच्या दारापुढं कुणीतरी खड्डा खणून ठेवून गेलं. "माझ्या घराला माझ्या पैशानं पत्रा टाकायला ह्यांची परवानगी पाहिजे," त्या म्हणाल्या, "अन् ह्यांना माझ्या दारात खड्डा खणायला माझी नको. असं कसं हो?" मी हसले होते. आता मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

शाळेच्या फाटकाशी शब्बोआपा नावाची एक बाई पेरू-बोरं विकायची. एक दिवस अतिक्रमणवाल्यांची गाडी आली, पेरूची टोपली उचलली, तराजू उचलला. शब्बोआपा रडत आत आली, "बाजी, मेरा काँटा ले गए!" ढोणेबाई खडू हातात घेऊनच बाहेर. गाडीवरच्या माणसाला विचारलं, "भाऊ, कागद कुठाय?"

"मॅडम, ऊपर से ऑर्डर है."

बाईंनी मान वर करून आभाळाकडं बघितलं. चांगलं निवांत बघितलं. "वर तर मला घार दिसतीय, भाऊ. घारीनं दिली का ऑर्डर?"

फाटकाशी जमलेली गर्दी खो खो हसली. तो माणूस पण ओशाळून हसला आणि तराजू खाली ठेवला. पेरू मात्र घेऊन गेला. "पेरू कुठल्या कायद्यात जप्त व्हतात?" बाई दिवसभर बडबडत होत्या. मी मात्र त्या दिवशी खूश होते. मला वाटायचं, ढोणेबाईंपुढं कुणाचं चालायचं नाही. लोक हसले की सरकार हरलं, असा माझा भाबडा समज होता.

बाईंचा धाकटा भाऊ म्हाळू. गावाकडं घरची मेंढरं तोच सांभाळायचा. दर भाऊबीजेला खांद्यावर घोंगडी टाकून शहरात यायचा, शाळेतसुद्धा एक चक्कर मारायचा. बहिणीच्या अगदी उलटा. आमच्या शिपायाला साहेब, रिक्षावाल्याला साहेब, मला मॅडमसाहेब. बाई चिडायच्या. तो दात काढून हसायचा, "आक्का, म्हणायला काय जातंय? जीभ झिजती का?" आणि बाई त्याला रागावता रागावता त्याच्या ताटात आणखी एक पुरणपोळी टाकायच्या. बाईंचे आई-वडील लवकर गेले. म्हाळूला त्यांनीच कडेवर वागवलेलं.

मग एका उन्हाळ्यात आम्ही पेपर तपासत बसलो होतो, तेव्हा म्हाळूचा फोन आला. फोनवर तो नीट बोलत नव्हता. नुसता "आक्का, कोंडवाड्यात घातली, सगळी कोंडवाड्यात घातली" एवढंच.

झालं होतं ते असं. त्यांच्या गावाजवळची एक मोठी जमीन सरकारनं कशासाठी तरी घेऊन ठेवलेली. कितीतरी दिवस तिथं काही उभं राहिलेलं नाही, नुसतं वाळकं गवत आणि मधून मेंढरांची जुनी वाट. त्या वाटेनं म्हाळूची मेंढरं गेली. तिथल्या अधिकाऱ्याच्या माणसांनी ती हाकलून गावच्या कोंडवाड्यात घातली, कुलूप लावलं आणि किल्ली ऑफिसात नेली. कोंडवाडा म्हणजे मोकाट जनावरं कोंडायची जागा. चार उंच भिंती, पत्र्याचं दार, वर छप्पर नाही. एप्रिलचं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे.

आम्ही दोघी काळीपिवळी टॅक्सीत बसून गेलो. अधिकारी कुठल्या खात्याचा ते मी लिहीत नाही. वाचणाऱ्याला आपल्याच गावचा वाटेल, वाटू दे.

म्हाळू ऑफिसच्या व्हरांड्यात उभा होता. चपला बाहेर काढलेल्या, हात जोडलेले. आम्हाला बघून तो घाईघाईनं म्हणाला, "आक्का, तू काय बोलू नको. साहेबांनी सांगितलंय, दंड भर अन् दुपारी किल्ली घेऊन जा. सोडणार हायेत ते."

"दुपारपर्यंत उन्हात? पाण्याबिगर?" बाई म्हणाल्या आणि सरळ आत गेल्या.

अधिकारी राक्षस वगैरे नव्हता. पस्तिशीतला, शिकलेला, टेबलावर देवीचा फोटो. समोर दोन-तीन माणसं चहा पीत बसलेली, त्यातला एक ठेकेदार. किल्ली टेबलावरच होती, हात लांब केला तर मिळेल इतकी जवळ. बाई रिकाम्या खुर्चीत बसल्या. "भाऊ," त्या म्हणाल्या, अगदी शांतपणे म्हणाल्या, मी साक्षीदार आहे. "दंड काय असंल तो भरतो. आधी किल्ली द्या. कोंडलेल्या जनावराला चारापाणी बघायचं काम कोंडणाऱ्याचं असतं, हे तुमच्याच कायद्यात हाय."

ठेकेदारानं कप खाली ठेवला. "अरे वा, साहेब! बहीण आली की तुमची! आता ओवाळणी काढा!"

आणि सगळे हसले. दारातला शिपाई हसला, खिडकीशी उभे असलेले गावकरी हसले. अधिकाऱ्याचे कान लाल झालेले मला दिसले. शाळेच्या फाटकाशी जे हसणं आमच्या बाजूचं होतं, तेच हसणं इथं आमच्यावर उलटलं.

"मी कुणाचा भाऊ नाही," तो म्हणाला. "इथं साहेब म्हणायचं. आणि उभं राहून बोलायचं."

"भाऊ, मेंढरं उन्हात—"

त्यानं किल्ली उचलली, खिशात घातली. "मला साइटवर जायचंय," म्हणाला आणि जीपमध्ये बसून निघून गेला. म्हाळू जीपमागं पळाला. थोडा पळाला आणि रस्त्यात बसला.

कायद्यानं त्या माणसाला दंड घ्यायचा अधिकार दिला असेल. जनावर अडवायचा दिला असेल. पण जिवंत जीव कोंडून किल्ली खिशात घालून निघून जायचा अधिकार कुणी दिला? मी हा प्रश्न पुढं खूप जणांना विचारला. लोक म्हणतात, जाधवबाई, जाऊ द्या ना आता. नाही जाऊ देणार.

आम्ही कोंडवाड्याशी गेलो. बाहेरूनच मेंढरांचा कालवा ऐकू येत होता. गावातल्या बायांनी हंडे आणले, भिंतीवर चढून पाणी आत ओतलं. पण जिथं पाणी पडलं तिथं सगळी मेंढरं एकदम धावली, एकावर एक चढली, खालची कोकरं किंचाळायला लागली. म्हाळू ओरडला, "ओतू नका! चेंगरत्यात!" पाणी हातात असून थांबावं लागलं. बाईंनी धोंडा उचलला, कुलूप फोडायला. म्हाळूनं त्यांचा हात धरला. "आक्का, सरकारी कुलूप हाय. केस व्हईल. मेंढरं कायमची जातील." बाई कायदा शिकवणाऱ्या, मी विज्ञान शिकवणारी, गावातली एवढी माणसं, आणि एक साधं कुलूप आम्हाला तोडता आलं नाही. तोडायला काहीच लागलं नसतं. भीती होती फक्त.

मग हळूहळू आतला आवाज कमी झाला. मला वाटलं, निवांत झाली असतील. मी तसं म्हणाले पण. बाई भिंतीला कान लावून उभ्या होत्या. "तहानेली मेंढरं आधी वरडत्यात," त्या म्हणाल्या. "मग वरडायचं सोडून देत्यात." त्यानंतर भिंतीच्या आतून काहीच ऐकू आलं नाही. तशी शांतता मी आयुष्यात दुसरीकडं ऐकलेली नाही.

उन्हं कलल्यावर जीप परत आली. बाई ऑफिसकडं निघाल्या. व्हरांड्यात त्यांनी चपला काढल्या. मी मागं होते. खुर्ची रिकामी होती, त्या बसल्या नाहीत.

"साहेब," ढोणेबाई म्हणाल्या. "किल्ली द्या, साहेब."

त्यानं त्यांच्याकडं बघितलं, मग इकडंतिकडं बघितलं. सकाळी हसलेली माणसं आता तिथं नव्हती. म्हणून त्यानं घंटी वाजवून शिपायाला आत बोलावलं, शेजारच्या खोलीतल्या कारकुनाला बोलावलं. दोघं येऊन उभे राहिल्यावर म्हणाला, "हं. आता म्हणा."

आणि बाई पुन्हा म्हणाल्या. मैदान हलवणारा तो आवाज मला शेजारी उभं राहून नीट ऐकू आला नाही.

कोंडवाड्याचं दार उघडलं तेव्हा कुणी बाहेर आलं नाही. जिवंत होती तीसुद्धा आली नाहीत. मेंढरांना हाक मारावी लागते, घशातून, हुर्रर्र करून. म्हाळूनं तोंड उघडलं तर नुसती हवा आली. बाईंनी प्रयत्न केला, त्यांच्याही घशातून काही निघेना. शेवटी दोघं आत गेली आणि एकेक उचलून बाहेर आणायला लागली, मेलेली आणि जिवंत दोन्ही. कोकरू एकही वाचलं नाही. मी बाहेर उभी राहून रडत होते. त्या दोघांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

सगळं झाल्यावर म्हाळू भिंतीला टेकून बसला आणि बहिणीकडं न बघता म्हणाला, "आक्का, एक शब्द व्हता."

त्यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तक्रार केली. मी स्वतः बाईंबरोबर दारोदार हिंडले. चौकशी झाली आणि जनावरं उष्माघातानं दगावली असं निघालं. उष्माघात! जणू ऊन स्वतः येऊन कुलूप लावून गेलं. त्या अधिकाऱ्याची पुढं बदली झाली, आहे त्यापेक्षा चांगल्या जागी. माझा अजून संताप होतो. बाईंचा होत नव्हता, हेच मला सहन व्हायचं नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि त्यांचं ते सुरू झालं. वर्ग शांत झाला की त्यांचं बोलणं अर्ध्यावर तुटायचं. कान देऊन ऐकल्यासारख्या उभ्या राहायच्या, चेहरा पांढरा पडायचा, आणि मग, "गप नका रे बसू. बोला. बोला कायतरी!" पोरं आधी चेकाळली, मग घाबरली. काही समजूतदार मुली आपल्या आपण हळू आवाजात पाढे म्हणत राहायच्या, बाईंसाठी. हेडसरांनी एकदा झापलं, वर्गात काय बाजार भरवलाय म्हणून. मी हेडसरांना बाहेर नेऊन असं बोलले की त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

शिट्टी त्यांनी कपाटात ठेवली. बँकेत, वीजबिलाच्या खिडकीपाशी, कुठंही गेल्या की तोंड उघडायच्या आणि थबकायच्या. भाऊ म्हणवत नव्हतं, साहेब म्हणवत नव्हतं. खिडकीतला माणूस खेकसायचा, "बोला ना!" मग मीच पुढं व्हायचे.

एकदा मधल्या सुट्टीत डबा उघडून तसाच समोर ठेवून त्या म्हणाल्या, "जाधवबाई, मी भाऊ म्हणाले ते चुकलं का हो?"

"नाही, बाई. तुमचं काही चुकलं नाही."

"मग मेंढरं कामून मेली?"

तो माणूस दुपारी खरंच किल्ली देणार होता का, साहेब म्हटलं असतं तर दिली असती का, की आणखी काही मागितलं असतं, हे कुणालाच कधी कळणार नाही. बाई ते रोज नव्यानं उलगडून बघायच्या. त्यांना झोप नव्हती. पोरांच्या वह्या तपासताना मध्येच ओठ हलायचे, आणि मला ओठांवरून कळायचं की त्या तो शब्द म्हणून बघतायत, त्या दिवशीच्या सकाळी म्हणून बघतायत.

म्हाळूनं उरलेली मेंढरं विकली. शेंद्र्याकडं एका कारखान्याच्या फाटकावर त्याला वॉचमनची नोकरी लागली. त्या वर्षी भाऊबीजेला तो आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. बाई ताट करून दाराशी बसून राहायच्या, असं त्यांच्या लेकीनं मला सांगितलं.

निवृत्त व्हायच्या वर्षी दिवाळीत बाई माझ्या घरी आल्या. हातात फडक्यानं झाकलेलं ताट. "जाधवबाई, माझ्यासंगं चला. तो येत नाय तर मी जाते." रिक्षा करून आम्ही जालना रोडनं निघालो. वाटेत रिक्षावाल्यानं गाणी लावली होती ती बंद करायला गेला तर "ऱ्हाऊ द्या" म्हणाल्या.

फाटकाशी म्हाळू उभा होता. निळा गणवेश, डोक्यावर टोपी, अंगानं निम्मा झालेला. बहिणीला बघून तो पुढं आला नाही. "आक्का, इथं कशाला आलीस? ड्युटी हाय. साहेब बघायलेत." केबिनमध्ये एक तरुण सुपरवायझर मोबाइल बघत बसला होता.

बाई केबिनच्या खिडकीशी गेल्या. आता पुन्हा तोंड उघडून उभ्या राहतील, असं मला वाटलं. मी बोलायला पुढं झालेच होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "साहेब, माझ्या भावाला जरा येळ सोडा. ओवाळून लगेच जाते मी, साहेब."

जराही अडखळल्या नाहीत. अगदी सवयीनं म्हटल्यासारखं. तो शब्द त्यांनी किती वेळा म्हणून पाहिला होता, ते मला तेव्हा कळलं.

तो पोरगा गडबडून उठला. "अहो मावशी, साहेब काय म्हणताय! मी पण कॉन्ट्रॅक्टवरच आहे. घ्या ना ओवाळून. म्हाळूकाका, ही खुर्ची घ्या माझी."

म्हाळू हलला नाही. तो बहिणीकडं बघत होता. त्या कोंडवाड्याच्या दिवसानंतर पहिल्यांदा नीट बघत असावा. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं, आणि एवढा बाप्या माणूस फाटकात उभा राहून हमसून रडायला लागला.

"तू नको म्हणू, आक्का," तो म्हणाला. "तू नको म्हणू. आपल्या समद्या घरात तू एकलीच व्हतीस."

बाईंनी ताटातलं निरांजन लावलं आणि त्याच्याकडं गेल्या. तेवढ्यात बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला. म्हाळूनं बाहीनं डोळे पुसले, पळत जाऊन आडवा दांडा वर केला आणि गाडी आत जाईपर्यंत कपाळाशी हात धरून ताठ उभा राहिला. तिच्यामागं दुसरी आली, मग ट्रक. शिफ्ट बदलायची वेळ होती. बाई निरांजनाभोवती पंजा धरून त्याच्यापासून दोन हातांवर थांबल्या होत्या, तो मोकळा व्हायची वाट बघत. मी रिक्षाजवळ उभी होते, आणि त्यांना हाक मारायचा धीर मला झाला नाही.